राज्य नको, गाव सांग

हावड्याकडून येणारी गाडी गोंदियाच्या फलाटाला लागायच्या आधीच पार्सलबाबू पळायला लागलेले असायचे. पन्नाशीकडे झुकलेला, काटकुळा, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस एकेका खिडकीत डोकावत डब्यांमागून डबे ओलांडतो आहे, आणि मागं पार्सल ऑफिसच्या दारात लोक आपापल्या पेट्या घेऊन खोळंबले आहेत, हे दृश्य आमच्या गावाच्या अंगवळणी पडलं होतं. नव्या माणसाला वाटे, यांचं कोणीतरी गाडीत हरवलं असावं. ते शोधत असत बर्थच्या साखळीला लटकलेले फुटबॉलचे बूट.

बूट दिसले की खिडकीचे गज धरून विचारत, "प्लेयर लोग हो? कहाँ के?" आतून कोणी बंगाल म्हणे, कोणी गोवा, कोणी केरळ. तेवढ्यानं बाबूंचं समाधान होत नसे. "अरे भैया, राज्य नको, गाव सांग! गाँव, जिल्हा!" हिंदीत सुरू झालेलं वाक्य घाईघाईत मराठीत उतरे आणि आतला मुलगा गोंधळून हसे. गाडी पाच-सात मिनिटं थांबायची. तेवढ्या वेळात गाव कोणतं, बाप काय करतो, पहिल्यांदा बॉल कुठं मारला, मैदानात गवत होतं की नुसती माती, सगळं विचारून व्हायचं. गाडी सुटली तरी ते खिडकीबरोबर पळत राहात, शेवटचं उत्तर वाऱ्यावर पकडत आणि तळहातावर लिहून घेत.

तळहातावरचं मग रजिस्टरमध्ये जाई. टाकून दिलेलं जुनं, लांबोडकं रजिस्टर होतं ते. प्रत्येक राज्याला एक पान. बंगालचं पान भरून त्याला दोन पानं चिकटवलेली, गोवा आणि केरळही तुडुंब, पंजाब बऱ्यापैकी. मणिपूरची यादी दर वर्षी लांबत चाललेली. हिंदुस्थानात सगळ्यात जास्त फुटबॉलपटू कोणतं राज्य देतं, हा प्रश्न वर्तमानपत्रातल्या एखाद्या कोपऱ्यात चार वर्षांतून एकदा विचारला जात असेल. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो रोज विचारला जायचा, कारण विचारणारे बाबू असायचे.

"बंगाली मासोळी खातात, म्हणून त्यांच्या पायात जोर," असं कोणी म्हटलं की बाबू उसळत. "मंग आपण काय खाऊन राहिलो? नवेगावच्या तलावाची मासोळी काय लंगडी असते?" कोणी म्हणे, त्यांच्या रक्तातच फुटबॉल आहे. त्यावर बाबू टपरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे दोन फेऱ्या मारत. हातातला चहा हिंदकळून निम्मा जमिनीवर जाई. ते अर्जुनी-मोरगावकडचे, कोहळी घरातले. त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव मातीची पाळ घालून तलाव बांधलेले. म्हणत, "पाऊस सगळीकडे सारखाच पडते. जिथं पाळ बांधली तिथं पानी दिसते. बंगालानं शंभर वर्षं पाळ बांधून ठेवली. मणिपूर केवढंसं? गोंदिया अन् भंडारा मिळून जेवढे लोक, तेवढे तिथं. पन त्यायनं गल्लीगल्लीत पाळ बांधली. आपण बांधली नाही, अन् म्हणून राहिलो, इथं पाऊसच नाही!"

महाराष्ट्राचं पान त्यांना सगळ्यात जास्त छळायचं. ते कोरं नव्हतं, हीच त्यांची खंत. राज्य विचारलं तर महाराष्ट्र आहेच की, असं कोणीही म्हणावं इतकी नावं होती त्यावर. पण गाव विचारलं की मुंबई, पुन्हा मुंबई, पुणे, कोल्हापूर, आणि आमच्या बाजूची म्हणून नागपूरजवळच्या कामठीची. आमच्या तालुक्यात कामठा नावाचं गाव आहे. एकदा टपरीवाला चेष्टेनं म्हणाला, "बाबू, वेलांटीचा काना करून टाका. झाला आपला बी प्लेयर!" बाबू आठ दिवस त्या टपरीवर फिरकले नाहीत.

गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मी आठवीत होते. कुडव्यात राहायचो आम्ही. बाबा एका राइस मिलमध्ये मेकॅनिक होते. सगळीकडे नव्या कलेक्टरची आणि नव्या कचेऱ्यांची चर्चा चालू होती. बाबूंनी रजिस्टरला एक नवं पान चिकटवलं, वर ठसठशीत अक्षरांत 'जिल्हा गोंदिया' लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या शाळेत येऊन धडकले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, "पोट्टे क्रिकेट सोडत नाहीत, बाई. तुमच्या पोट्ट्या द्या मले." बाईंनी विचारलं, "मुलींना? फुटबॉल?" बाबू म्हणाले, "बॉलले काय समजते, लाथ कोनं मारली?"

अकरा जणी हव्या होत्या. सात मिळाल्या. मी त्यांतली एक. घरी आई म्हणाली, पाय मोडून आलीस तर मी डॉक्टरकडे नेणार नाही. बाबांनी मात्र मिलमधल्या पट्ट्याच्या रबराचे तुकडे माझ्या कॅनव्हासच्या बुटांना खालून चिकटवून दिले.

रेल्वे वसाहतीमागं एक उघडं मैदान होतं. तिथं सकाळी साडेपाचला आमचा सराव चाले. बाबू कोणाला नावानं हाक मारत नसत. "ए कुडवा!" म्हणजे मी. "ए कामठा!" म्हणजे एका पोवार शेतकऱ्याची उंचनिंच मुलगी, आमची गोलकीपर. शिकवताना ते रेषेबाहेर राहूच शकत नसत. बॉलच्या मागं आम्ही, आमच्या मागं बाबू. "बॉलकडे काऊन पाहून राहिली? बॉल तर दिसतोच आंधळ्याले बी. रिकामी जागा पाहा, जागा!" हे त्यांचं रोजचं. पास चुकला की स्वतःच्याच मांडीवर चापट मारून घेत. सराव संपेपर्यंत त्यांची मांडी लाल होत असेल, असं आम्ही हसून म्हणायचो.

सगुना आली ती दोन वर्षांनी. सालेकशाकडच्या जंगलपट्टीतल्या एका गावात शाळांच्या धावण्याच्या शर्यती होत्या. बाबू सुटी टाकून तिथं गेले होते. तिथं त्यांनी एक गोंड मुलगी अनवाणी पळताना पाहिली. शर्यत संपल्यावर पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती, त्यात ती घुसली आणि तिघांना चकवून गेली. बाबू तिथूनच तिच्या घरी गेले. मोहाची फुलं वाळत घातलेल्या अंगणात, तिच्या वडिलांसमोर तासभर येरझारा घातल्या, आणि होकार घेऊन आले. आठवड्यातून दोन दिवस ती पहाटेच्या पॅसेंजरनं यायची आणि सराव करून शाळेसाठी परत जायची.

ती आली आणि आम्हाला कळलं की इतके दिवस आम्ही जे करत होतो ते फुटबॉल नव्हतं. सगुना बोलायची फार थोडं. बॉल तिच्या पायाशी आला की मात्र असं वाटे, तिला आधीच कोणीतरी सांगून ठेवलं आहे की पुढं काय होणार. बाबू तिला शिकवत नसत. नुसते बघत आणि मैदानाभोवती गरगर फिरत. मग एकदम थांबून म्हणत, "पाहिलं? पाहिलं का तुम्ही?"

त्याच सुमारास त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या स्वभावात आडपडदा नव्हता. म्हणाले, "कुडवा, तुझ्या पायात नाही बाई ते. कितीबी घास, येनार नाही." माझे डोळे भरून आले. ते खिशात काहीतरी चाचपत होते. "पन तू भांडण सुरू व्हायच्या आधी सांगते, फाउल कोनाचा. ते मले बी जमत नाही." आणि त्यांनी स्वतःची शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. त्या दिवशी मला ती शिट्टी सांत्वनासाठी दिलेली वाटली. घरी जाऊन मी ती ट्रंकेच्या तळाशी टाकली. आठ दिवसांनी काढली, कारण सरावाला जायचंच होतं आणि गेल्यावर रिकामं उभं राहणं जास्त कठीण होतं.

सगुना सोळाची झाली तेव्हा महाराष्ट्राच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली. बाबूंनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला आणि तिथं बसलेल्यांना रजिस्टर उघडून दाखवलं, पण 'जिल्हा गोंदिया'चं पान भरलं नाही. म्हणाले, "आधी खेळू द्या तिले, मंग भरतो. निवड झाली म्हंजे खेळली असं नाही." ते खरंच झालं. बाहेरच्या राज्यात स्पर्धा होती. बाबू रजा काढून गेले. सगुना सगळी स्पर्धा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिली. एक मिनिटही मैदानात उतरली नाही. परत आल्यावर बाबूंचं कितीतरी दिवस कामात लक्ष लागेना. पार्सलच्या पेटीवर बिलासपूरऐवजी नागपूर लिहिलं म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली.

पण त्या स्पर्धेत सकाळच्या सरावाच्या वेळी ओडिशाच्या एका बाई प्रशिक्षकांनी सगुनाला पाहिलं होतं. मे महिन्यात पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर त्यांचं पत्र आलं. मुलीला आमच्या वसतिगृहात पाठवा. शाळा, राहणं, जेवण, खेळ, सगळं इथं होईल. आजवरच्या प्रशिक्षकांचं ना-हरकत पत्र तेवढं हवं. आणि इथं आल्यावर ती ओडिशाकडून खेळेल.

ते पत्र बाबूंनी शर्टाच्या खिशात घातलं आणि आठ दिवस खिशातच ठेवलं.

असे आठ दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. सरावाला येत, पण मैदानाकडे पाठ करून रेल्वेच्या कुंपणाकडे तोंड करून उभे राहात, मग एकाएकी चालू लागत ते थेट सिग्नलपर्यंत. परत येत. "वॉर्म-अप झाला का?" विचारत. झाला म्हटलं तरी पुन्हा करायला लावत. सगुना पॅसेंजरनं यायची, खेळायची, जायची. तिला पत्राचं माहीत होतं. त्या बाईंनी तिला स्पर्धेतच सांगितलं होतं. ती काही विचारत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटत होतं. आपण इथंच राहणार, मग तीही राहिली तर काय बिघडलं, असा एक हलका विचार माझ्या मनात होता. आज तो लिहिताना लाज वाटते.

त्याच दिवसांत एकदा बाबूंच्या बायको, आमच्या काकू, घरी भाजी निवडत बसल्या होत्या. मी निरोप घेऊन गेले होते, बाबू नेहमीप्रमाणे घरात नव्हते. काकू म्हणाल्या, "सकाळपासून तीनदा बाहेर गेले. ताट वाढलं का उठतेत. तू लहान होती तेव्हाचं नाही, लय आधीचं सांगते. लग्नाच्या आधी हे कलकत्त्याले गेले होते खेळाले. तिथं पोरं निवडणाऱ्यानं विचारलं, कुठचा? यांयनं सांगितलं, गोंदिया. तो म्हणे, गोंदियामें फुटबॉल होता है क्या? सारे हसले. हे तीन महिने राहिले तिथं. खेळले बी बरे. पन ते हसणं काही यांच्या कानातून निघत नाही." मग भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, "आता एक पोरगी मिळाली त्या हसणाऱ्यायचं तोंड बंद कराले, अन् हे ओडिशावाले म्हणतेत, देऊन टाका."

नवव्या दिवशी सगुनाबरोबर पॅसेंजरनं तिचे वडील आले. तेंदूपानांचा हंगाम भरात होता. एक दिवसाची तोड सोडून ते आले होते. सडपातळ माणूस, खांद्यावर पंचा. मैदानाच्या कडेला उकिडवे बसले. बाबू त्यांच्यासमोर फेऱ्या मारू लागले. आम्ही सगळ्या जणी थांबलो होतो.

"बाबू, कागद आला म्हणते पोरगी."

"आला."

"मंग?"

"विचार करून राहिलो."

"कायचा विचार?"

बाबू थांबले, पुन्हा चालू लागले. "भाऊ, ती तिकडून खेळली तर तिकडची होईन. कागदावर तिकडचीच लिहितेत. एवढं केलं आपण, अन् आपल्या जिल्ह्याच्या नावावर..."

"जिल्ह्याचं वय किती हाय, बाबू?"

बाबूंना प्रश्न कळला नाही. "आँ? चार वर्षं झाले."

"मंग त्याले लय टाइम हाय," सगुनाचे वडील म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माह्या पोरीले सतरावं चालू हाय. तिले कायले थांबवून राहिले?"

बाबूंच्या फेऱ्या थांबल्या. मग त्यांनी खिशातून कागद काढला, मला म्हणाले, "कुडवा, वाक जराशी." माझ्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी उभ्याउभ्याच ना-हरकत लिहिली. दोन ओळी असतील, पण मला त्या खूप लांब वाटल्या. पेनाचं टोक पाठीत रुतत होतं. सही करताना हात थांबला आणि पुन्हा चालला, तेही मला कळलं.

जूनच्या सुरुवातीला ती गेली. सकाळची गाडी होती. सालेकशाहून तिचे आईवडील आले होते, आम्ही सातही जणी होतो. ओडिशाच्या त्या बाईंनी एक मदतनीस बाई घ्यायला पाठवली होती. सगुना खिडकीशी बसली. तिनं बाबूंना आयुष्यातला पहिला मोठा प्रश्न विचारला, "बाबूजी, तिथं कोनी विचारलं कुठची, तर काय सांगू?"

मला वाटलं, आता हे सालेकसा म्हणतील, गोंदिया म्हणतील, जिल्ह्याचं नाव दहादा घोकून घेतील. बाबू म्हणाले, "जिथं तुले खेळाले देतील, तिथची सांगजो. आमच्या भानगडीत नोको पडू." गाडी हलली. त्या दिवशी ते खिडकीबरोबर पळाले नाहीत. गाडी गेल्यावर पार्सल ऑफिसात गेले आणि कामाला लागले.

सगुना पुढं ओडिशाकडून खेळली, आणि नंतर एका सरकारी खात्याच्या संघातून नोकरी करत बरीच वर्षं खेळली. पहिल्यांदा तिचं नाव ओडिशाच्या संघात छापून आलं, तेव्हा बाबूंनी ते कात्रण रजिस्टरच्या ओडिशाच्या पानावर चिकटवलं. टपरीवर कोणी डिवचलं, "काय बाबू, पिकवलं तुम्ही अन् नेलं त्यायनं?" पूर्वीचे बाबू यावर तासभर बोलले असते. तेव्हा एवढंच म्हणाले, "माझ्या रजिस्टरात बंगालच्या पानावर जेवढी नावं आहेत ना, त्यांतली किती झारखंडच्या गावांची आहेत ते एकदा मोजून पाहा. मीच लिहिली, अन् मलेच इतके दिवस दिसलं नाही." त्यानंतर खिडकीत डोकावून ते जे प्रश्न विचारत, त्यांत एक नवा प्रश्न आला: "घर कुठं सोडलं, अन् काऊन सोडलं?"

निवृत्त झाल्यावर माणसं घर बांधतात, तीर्थाला जातात. बाबू निवृत्तीच्या पुढच्याच महिन्यात मणिपूर आणि मिझोरामला गेले. एकटे. काकूंना म्हणाले, आठ दिवसांत येतो. दीड महिन्यानं आले. वजन घटलेलं, पायांना फोड, आणि तोंड एक क्षण बंद नाही. "तिथं मैदानाले कुलूप नाही, कुडवा! डोंगर कापून मैदान केलं त्यायनं. सकाळी म्हातारे खेळून राहिले, दुपारी लेकरं, संध्याकाळी बायका. अन् मले कोनी विचारलं नाही, तू कुठचा. बॉल आला तर म्हणे, मार." हे सांगताना ते माझ्या शाळेच्या व्हरांड्यात इकडून तिकडे चालत होते. मी तोवर आमगावकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाले होते, नागपूरला जाऊन रेफ्रीची परीक्षाही पास झाले होते. बाबूंनी पाणी मागितलं, मी आत जाऊन पाण्याचा पेला आणेपर्यंत ते बसस्टँडकडे निघून गेले होते. दुसऱ्याच आठवड्यात कुडव्यात त्यांनी नव्या मुलींचा संघ उभा करायला घेतला. वय वर्षं साठ उलटलेलं.

त्या संघाचा अंतिम सामना मी खेळवला. आंतरशालेय स्पर्धा होती. हिवाळ्याची सकाळ, मैदानावर चुन्यानं आखलेल्या रेघा, गोलाला बांबूचे खांब. एका बाजूला देवरीकडच्या मुली, दुसऱ्या बाजूला बाबूंच्या. गोल बरोबरीत होते. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना कुडव्याच्या एका मुलीनं लांबून फटका मारला. बॉल वरच्या बांबूला लागला, खाली आपटला आणि गोलकीपरनं तो ओढून पोटाशी धरला. मी मैदानाच्या मध्यावर होते, मधे चार मुली. मला बॉल रेघेच्या आत पडलेला दिसला नाही. मी खेळ चालू ठेवला.

"गोल! गोल हाय तो!" बाबू ओरडत आत आले. रेघ ओलांडून, बॉल ओलांडून, थेट माझ्यासमोर. खेळ थांबला. "आंधळी झाली का? आत पडला बॉल! मी पाहिला!"

मुली पाहत होत्या. दोन्ही शाळांचे मास्तर पाहत होते. या माणसानं मला शिट्टी दिली होती. शिट्टीवर माझी नोकरी उभी होती.

"बाबूजी, बाहेर व्हा."

"मले म्हणते?"

"तुम्हालाच. रेघेच्या बाहेर नाही, मैदानाच्या बाहेर. तुम्ही बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मग वळले आणि गेले. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. शेवटी देवरीच्या मुलींनी एक गोल केला आणि त्या जिंकल्या. मी शेवटची शिट्टी वाजवली, दोन्ही शाळांच्या सह्या घेतल्या आणि मग रस्त्याकडे पाहिलं तर बाबू नव्हते. तोवर ते मुलींना घेऊन गोंदियाला जाणाऱ्या जीपमध्ये बसले होते.

मैदान रिकामं झाल्यावर मी त्या गोलापाशी गेले. चुन्याच्या रेघेपलीकडे, आत वीतभर, मातीत बॉलचा गोल खळगा उमटला होता.

येत्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन हे सांगायचं, असं मी ठरवलं. रविवारी शाळेचं स्नेहसंमेलन निघालं. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. गुरुवारी फोन आला. सकाळी मैदानावर मुलींना पळवताना बाबू खाली बसले, ते उठले नाहीत.

तेरवीला सगुना आली होती. ओडिशातल्या एका वसतिगृहात ती आता मुलींना शिकवते. आम्ही दोघी काकूंजवळ बसलो. लोक येत-जात होते. काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या सामन्याहून आले ना, तेव्हापासून घरोघरी सांगत सुटले होते. मले हाकललं म्हणे पोरीनं. साऱ्या मास्तरांसमोर. दूधवाल्याले सांगितलं, पोस्टमनले सांगितलं. मी म्हटलं, लाज नाही वाटत? तर म्हणे, माझ्याकडे पाहून तिनं शिट्टी बदलली असती, तर मले लाज वाटली असती."

सगुनानं माझा हात धरला.

काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि माझ्याकडे वळल्या. "पन एक सांग मले. रोज जेवताना म्हणत होते, गोल होता, गोल होता. खरंच होता का गं?"

"होता, काकू," मी म्हटलं.

काकू हसल्या आणि म्हणाल्या, "आता ऐकाले पाहिजे होते ते."